समासातली नजर

त्या महिन्यात शालनताईंनी सातव्यांदा मसालेभात केला आणि सातव्यांदा तो शुश्रूषा केंद्रातल्या सिस्टरांनी खाल्ला.

दुसरं खाणार तरी कोण? दिनकररावांच्या घशाखाली गेली दोन वर्षं घास उतरलेला नव्हता. पोटात बसवलेल्या नळीतून त्यांना दिवसातून पाच वेळा पातळ अन्न दिलं जाई. पण "मला मसालेभात खावासा वाटतो" असं ते म्हणाले होते. तेही एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. निदान वास तरी घेऊ देत, म्हणून शालनताई वाईहून डबा घेऊन निघत, पसरणी घाटाच्या पायथ्याशी, केंद्राजवळ उतरत आणि झाकण उघडून डबा त्यांच्या नाकाशी धरत. मग तो सिस्टर वंदनाच्या हाती जाई.

"काकू, काजू जरा जास्त पडलेत आज," वंदना म्हणाली. "तक्रार नाही हो, नुसतं सांगितलं."

"लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कधी म्हणाले नाहीत, भात आवडतो म्हणून. तोंड बंद झाल्यावर फर्माइशी सुरू झाल्या बघ."

दिनकर भिलारे वाईच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या. हे काम त्यांच्या छापखान्यात जोडीनं चाले. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. दुसऱ्यानं छापलेल्या कच्च्या प्रतीवर नजर ठेवून पेन्सिलीनं खुणा करायच्या. वाचणाऱ्या शालनताई, खुणा करणारे दिनकरराव. संगणक आले, चुका आपोआप तांबड्या व्हायला लागल्या, तरी मालकांनी ही जोडी मोडली नाही. घरीही तीच रीत होती. बोलायचं काम ताईंचं. दिनकरराव ऐकत आणि मधेच कधीतरी एक बोट वर करत, की ताई थांबत.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हातून पेन्सिल निसटू लागली. मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात, असा हा आजार. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. विचार मात्र शाबूत राहतो, कान शाबूत राहतात, आणि डोळे हलवणारे स्नायू बहुतेकांच्या बाबतीत सगळ्यात शेवटी जातात.

'वाचा' हे यंत्र त्या शेवटच्या स्नायूंवर चालत असे. पलंगासमोर एक पडदा आणि त्याच्या वर कॅमेरा. डोळ्याला न दिसणारा प्रकाश बुबुळावर टाकून नजर कुठे आहे हे तो कॅमेरा सेकंदातून साठ वेळा मोजे. खोलीत काय बोलणं चाललंय ते यंत्र ऐके. दिनकररावांची जुनी पत्रं आणि टिपणंही त्याला आधीच वाचायला दिलेली होती. या सगळ्यावरून हा माणूस आता काय म्हणेल याचा अंदाज बांधून ते पडद्यावर एकाखाली एक तीन वाक्यं दाखवी. ज्या वाक्यावर नजर दीड सेकंद थांबेल, ते वाक्य यंत्र मोठ्यानं बोले. पूर्वी अक्षराला अक्षर जोडून एक वाक्य व्हायला दहा मिनिटं लागत, आता दहा सेकंद पुरत. म्हणून दोन महिन्यांपूर्वी अक्षरांची सोय पडद्यावरून काढूनच टाकली होती.

आवाज दिनकररावांचाच होता. पण ते मुळात इतके कमी बोलत की नमुन्यासाठी एकच ध्वनिफीत सापडली, निवृत्तीच्या समारंभातली. त्यामुळे "मला जरा कुशीवर वळवा" हेसुद्धा ते सत्काराला उत्तर दिल्याच्या सुरात म्हणत.

गुरुवारी डॉ. तबस्सुम मुजावर यांनी शालनताईंना आपल्या खोलीत बोलावलं. डॉक्टर चाळिशीच्या, कऱ्हाडच्या. बोलणं तुटक, पण त्यात गोड खोटं नसे.

"बसा काकू. काकांच्या नजरेचा अहवाल आलाय. मला तो आवडला नाही."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर पडद्याची चौकट होती, वाक्यांच्या जागी तीन निळ्या पट्ट्या, आणि त्यांवरून फिरलेल्या नजरेची लाल रेघ.

"गेल्या महिन्यात काका चारशे बारा वाक्यं बोलले. त्यातली तीनशे एकाहत्तर मधल्या पट्टीतली. वरची नाहीत, खालची नाहीत. दमलेला डोळा आपोआप मध्यावर येऊन थांबतो, काकू. म्हणजे बऱ्याचदा ते निवडत नव्हते. नुसते दमत होते."

"म्हणजे मसालेभात..."

"मधल्या पट्टीत असणार."

हसावं की रडावं ते शालनताईंना कळेना.

"आणि दमायच्या आधी हे." डॉक्टरांनी पेनचं टोक दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीच्या मधल्या कोऱ्या जागेत ठेवलं. "इथे काही लिहिलेलं नसतं. तरी नजर इथे जाते. खालून वर, वरून खाली, बारीकशी. मग उजवीकडे, पडद्याच्या कोऱ्या कडेला जाऊन दोन-तीन सेकंद थांबते. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. यंत्र याला भरकट म्हणतं. डोळ्यांचे स्नायू जायला लागले की असं होऊ शकतं."

"मग?"

"सोमवारी तपासणी समिती येते. त्यांनाही असंच वाटलं तर 'संवादक्षम नाही' असा शेरा पडेल. मग उपचारांचे निर्णय तुमच्याकडे येतील. आणि रुग्णानं स्वतःच मागायच्या ज्या काही गोष्टी असतात, त्या बंद होतील."

"कसल्या गोष्टी?"

टेबलावरचा पेला सरळच होता, तो डॉक्टरांनी पुन्हा सरळ केला.

शालनताईंनाही उत्तर ठाऊक होतं. कायदा येऊन चार वर्षं झाली होती. आजार बरा न होणारा असेल, बुद्धी शाबूत असेल आणि रुग्णानं स्वतःहून तीनदा, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं विनंती केली, तर डॉक्टरांच्या मदतीनं आपला शेवट ठरवण्याची परवानगी त्याला मिळू शकत होती. पण आठव्या कलमानुसार हा विषय आधी रुग्णानंच काढायला हवा. डॉक्टर, नर्स, नातेवाईक, कुणीही तो सुचवायचा नाही, आडवळणानंसुद्धा नाही. सुचवला तर त्या रुग्णाची विनंती कायमची बाद होई आणि डॉक्टरचा परवाना जाई. खोलीतलं सगळं बोलणं त्यासाठीच नोंदलं जात असे.

"तुम्हाला या रेघेवरून काही कळतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

शालनताईंनी कागदाकडे पाहिलं. दोन ओळींमध्ये उलटं टोक, मग समासात जाऊन थांबलेली नजर. त्यांना ते पाहताक्षणीच कळलं होतं. ती खूण त्यांनी चाळीस वर्षं रोज पाहिली होती.

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या आणि डबा घासायला उठल्या.

नळाखाली डबा केव्हाच स्वच्छ झाला, तरी त्या घासतच राहिल्या. गप्प बसलं तर काय होईल? काहीच नाही. सोमवारी शेरा पडेल. दिनकरराव त्यांच्या समोर असतील, पावसाळाभर, कदाचित दिवाळीपर्यंत. रोज सकाळी जाऊन त्यांचे केस विंचरता येतील. कुणी बोल लावणार नाही, कारण कुणाला कळणारच नाही.

आणि मग त्यांना आजाराच्या पहिल्या वर्षातला तो रविवार आठवला. जीभ नुकती जड व्हायला लागली होती. त्या त्यांचे हात धुऊन देत असताना दिनकरराव अडखळत म्हणाले होते, "शालन, शेवट कसा असतो, ते एकदा डॉक्टरांना—" आणि त्या म्हणाल्या होत्या, "काहीतरीच काय बोलता! चला, उन्हात बसा जरा." त्यांनी बोट वर केलं होतं. शालनताई थांबल्या नव्हत्या. नंतर दोनदा तसंच झालं. मग त्यांनी बोट वर करणं सोडलं, आणि पुढे बोटच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डब्याशिवाय आल्या. वंदनानं विचारलं, "आज काय उपास?" तशाच आत जाऊन शालनताईंनी यंत्राचा पडदा बाजूला सरकवला आणि त्या जागी स्वतः खुर्ची घेऊन बसल्या.

"अहो. मी वाचतेय असं समजा. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये मजकूर राहिलाय का?"

डोळे मिटले म्हणजे 'हो', ही यंत्राच्या आधीची खूण. दिनकररावांनी डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"एखादा शब्द?"

डोळे उघडेच राहिले.

"एखादी ओळ?"

उघडेच.

"पानभर?"

ते मिटले.

"बाई गं," शालनताई म्हणाल्या, आणि पदरानं आधी त्यांचे डोळे पुसून मग स्वतःचे पुसले.

डॉक्टर मुजावर यांच्यासमोर त्यांनी तो कागद उलगडला आणि पेन्सिलीनं लाल रेघेवरून पुन्हा गिरवलं. "याला हंसपद म्हणतात. अक्षरं जुळवणाऱ्याकडून मजकूर सुटला, की सुटला त्या जागी ही खूण करायची आणि सुटलेलं समासात लिहायचं. यांना लिहिता येत नाही, म्हणून हे समासात नुसतं बघतात. तुमचं यंत्र काहीतरी गाळतंय, डॉक्टर. हे महिनाभर तेच सांगतायत."

डॉक्टर कागदाकडे बघत राहिल्या. "शाळेत निबंधाच्या वहीत आमच्या बाई करायच्या ही खूण," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी यांना मेंदूचा स्कॅन लिहून दिलाय."

त्यांनी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या कायदा सल्लागाराला फोन लावला. शालनताईंना पलीकडचं बोलणंही ऐकू येत होतं. सल्लागार अगदी नम्र होता. केंद्रानं पुरवलेलं यंत्र म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं केंद्राचाच माणूस, तो सांगत होता. यंत्रानं तसलं वाक्य पडद्यावर दाखवलं, तर विषय केंद्रानं काढला असा अर्थ होईल. म्हणून तशी सगळी वाक्यं मुळातूनच वगळलेली आहेत. रुग्णानं तीन फेऱ्या काहीच निवडलं नाही, तर यंत्र विषय बदलून घरची, खाण्यापिण्याची प्रसन्न वाक्यं दाखवतं.

"आणि रुग्णाला ते स्वतःहून म्हणायचं असेल तर? त्यानं कुठून म्हणायचं?"

"तो मुद्दा कलमात नाही, मॅडम."

डॉक्टरांनी फोन ठेवला. "कुणीच चूक केलेली नाही बघा," त्या म्हणाल्या. "प्रत्येकानं फक्त स्वतःला जपलं. त्यात मीही आले."

"म्हणजे कलमच चुकीचं?"

"नाही, काकू. कलम हवंच. आपल्याकडे डॉक्टरचा शब्द हुकमासारखा ऐकतात. मी एखाद्या गरीब, एकट्या बाईला नुसतं म्हटलं, की असाही एक मार्ग असतो, तर तिला वाटेल, डॉक्टरांनी निकाल दिला. म्हणून माझ्या तोंडाला कुलूप आहे ते बरंच आहे. पण माझ्या तोंडाचं कुलूप कुणी काकांच्या तोंडाला लावायला नको होतं." त्या उठल्या आणि कपाटामागून काहीतरी ओढून काढू लागल्या. "मी ते यंत्र काढते. हा जुना अक्षरांचा तक्ता आहे, तो धरते आणि गप्प बसते. गप्प बसायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र यंत्र काढायला तुमची सही लागेल. आणि त्या वेळी तुम्हाला बाहेर थांबावं लागेल."

शालनताईंनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "समजा, त्यांनी तेच मागितलं तर?"

"मग मला उत्तर द्यावं लागेल. खरं उत्तर."

"आणि मी?"

डॉक्टर तक्त्यावरची धूळ पुसू लागल्या. शालनताईंनी पेन पुन्हा उचललं. मग सावकाश, एकही अक्षर न गाळता, पूर्ण नाव लिहून सही केली.

शनिवारी दहा वाजता दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर शालनताई बसल्या. साडेदहा वाजले, अकरा वाजले. वंदना चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि अचानक त्यांच्या लक्षात आलं की ऐकू येणारच नाही; आत आज सत्काराचा तो आवाज नाही. आत फक्त एक बाई तक्ता धरून उभी आहे आणि एक माणूस अक्षरं शोधतोय.

सव्वाअकराला डॉक्टर बाहेर आल्या. हात वर धरून धरून त्यांचे खांदे अवघडले होते. त्या बाकावर शेजारी टेकल्या.

"तुम्हाला सांगायला त्यांनी परवानगी दिलीय. पहिलं वाक्य होतं, 'मी कसा मरेन?'"

शालनताईंनी गार झालेला चहा बाजूला सरकवला.

"त्यांना वाटत होतं, घुसमटून. रोज, दिवसभर तेच वाटत होतं. मी सांगितलं की तसं सहसा होत नाही. श्वास उथळ होत जातो, झोप वाढत जाते, आणि या आजाराचे बहुतेक रुग्ण झोपेतच जातात. घुसमट वाटलीच, तर ती शमवणारी औषधं आमच्याकडे आहेत, आणि ती वेळेवर देण्याची जबाबदारी माझी." डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. "काकू, हे मी वर्षापूर्वी सांगायला हवं होतं. याला कायद्याची मनाई नव्हती. त्या एका गोष्टीला भिऊन आम्ही तिच्या आसपासचं सगळंच बोलणं टाकून दिलं होतं."

"आणि ती एक गोष्ट?"

"तीही मागितली. स्वतःहून, स्वच्छ शब्दांत. पहिली विनंती मी नोंदवली. 'आज नको,' म्हणाले. 'पण हाताशी असू दे.' अजून दोन विनंत्या आहेत. केव्हाही मागे घेता येते. परवानगी मिळाली, तरी वापरलीच पाहिजे असं नाही. कित्येक जण वापरत नाहीत. सोमवारी समितीला मी हा तक्ता दाखवणार, आणि त्या गाळलेल्या वाक्यांची तक्रार लेखी करणार आहे." त्या उठल्या. "आता जा आत. तुम्हाला बोलावलंय."

शालनताई आत गेल्या.

तक्ता म्हणजे आरपार दिसणारं जाड प्लास्टिक होतं, त्यावर अक्षरांचे गट. समोरच्यानं तो दोघांच्या मध्ये धरायचा आणि पलीकडचे डोळे कुठल्या अक्षरावर आहेत ते बघायचं. डॉक्टरांनी तो कसा धरायचा ते दाखवलं आणि त्या दाराबाहेर गेल्या.

पहिले दोन शब्द जुळायला चार मिनिटं लागली. "भात बंद."

शालनताईंना हसू फुटलं. "बरं बाई, बंद. कधीच आवडला नव्हता ना?"

डोळे मिटले.

"सात वेळा केला मी. वंदनाचं वजन वाढलं तिकडे."

दिनकरराव पुन्हा अक्षरं शोधू लागले. या वेळी जास्त वेळ लागला. दोनदा शालनताईंकडून अक्षर चुकलं, दोनदा त्यांनी ते दुरुस्त करून घेतलं. बाकी काही बदललं तरी ही सवय बदलली नव्हती. शब्द झाला, "तुझी."

"माझी काय?"

"भीती कसली?"

शालनताईंनी तक्ता खाली घेतला. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ना डॉक्टरांनी, ना बहिणीनं, ना त्यांनी स्वतः. बाहेर घाट चढणाऱ्या बसनं गिअर बदलला.

"सकाळी जाग येते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा अजून मी आधी तुमचा कानोसा घेते. दोन वर्षं झाली तुम्ही इथे आहात, तरी घेते. मग आठवतं, इथे आहात, नऊच्या बसनं जायचंय. म्हणून उठते. तुम्ही इथेही नसलात, तर उठून करायचं काय, तेवढंच मला कळत नाही. मरणाची नाही हो मला भीती. सकाळची आहे."

बोलून झाल्यावर त्यांना जाणवलं की यातलं एकही वाक्य त्यांनी कुणाच्या लिहिलेल्यावरून वाचलेलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा तक्ता वर धरला. अक्षरांच्या पलीकडून दिनकरराव त्यांच्याकडे बघत होते. इतके दिवस त्यांचे डोळे पडद्याला बांधलेले असत आणि शालनताई बाजूच्या खुर्चीत. नजरेला नजर अशी भिडलेलीच नव्हती. कितीतरी वेळ त्यांनी कुठल्याही अक्षराकडे पाहिलं नाही. मग सावकाश सुरुवात केली.

"उपाय आहे."

"कसला उपाय? सांगा ना."

अक्षरं आता फार हळू येत होती. पापण्या जड झाल्या होत्या. शालनताईंचे हातही भरून आले होते, पण त्यांनी तक्ता हलू दिला नाही.

"दमलो," दिनकररावांनी जुळवलं. आणि मग, जरा थांबून, "उद्या सांगतो."

"बरं," शालनताई म्हणाल्या. "मग उद्या उठायलाच हवं. नऊच्या बसनं येते."